इस्लाह आणि मार्क

निबंधांच्या वह्या परत दिल्या की दरवर्षी तेच होतं. मी समासात चार ओळी लिहिलेल्या असतात. मुलं दहापैकी किती पडले ते बघतात आणि वही मिटतात. तेव्हा मला गालिबची पत्रं आठवतात.

उर्दू-फारसी शायरीत उस्तादाने शागिर्दाची रचना सुधारून देणं म्हणजे इस्लाह. बरीचशी इस्लाह टपालाने चाले. सिकंदराबादचे मुन्शी हरगोपाल ‘तफ्ता’ गालिबचे लाडके शागीर्द. गालिब त्यांना प्रेमाने ‘मिर्झा तफ्ता’ म्हणत. हिंदू शागीर्द, मुसलमान उस्ताद आणि कविता फारसीत. त्या काळी यात नवल नव्हतं. त्यांना लिहिताना गालिब नुसता शब्द बदलत नाहीत, का बदलला तेही सांगतात, प्रसंगी वैतागतात. पसंत पडलेल्या शेरावर उस्ताद ‘स्वाद’ हे अक्षर काढत. मार्क म्हणायचे तर एवढेच. पण ते त्या शेराला असत, शागिर्दाला नाही. बेरीज नव्हती, पहिला-दुसरा नंबर नव्हता.

1857 मध्ये कलकत्ता, मुंबई, मद्रास इथे विद्यापीठं आली. लिहिणारा कोण हे परीक्षकाला ठाऊक नसतं आणि परीक्षकाचं म्हणणं लिहिणाऱ्यापर्यंत पोचत नाही. पोचतो फक्त आकडा.

तरीही आकड्याला शिव्या घालायला माझी जीभ धजत नाही. इस्लाह मिळायला आधी उस्ताद मिळावा लागे, आणि तो सगळ्यांना कुठे मिळायचा? मुलींना तर जवळपास नाहीच. परीक्षेचा नंबर बापाचं नाव विचारत नाही. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी पोरं त्या आकड्याच्या जोरावरच नोकरीला लागली.

इक्बालनी दोन्ही पाहिलं. सियालकोटहून ते हैदराबादला दाग देहलवींकडे गझला पाठवत. थोड्याच काळात दागनी कळवलं की आता इस्लाहला फारशी जागा उरलेली नाही. तेच इक्बाल 1899 मध्ये लाहोरला एम.ए. झाले आणि पुढे पंजाब विद्यापीठाचे पेपरही तपासत. दागचं ते कळवणं मला मोठं वाटतं. उस्तादाने स्वतःहून हात काढून घेतला! मार्कलिस्टवर असं काही लिहिलेलं मी पाहिलं नाही.

यंदा मी वह्या मार्कांशिवाय दिल्या, मार्क दोन दिवसांनी सांगेन म्हणालो. वर्गात बरीच कुरकुर झाली. मधल्या सुट्टीत एक मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, “सर, ‘परंतु’ला गोल का केलाय?”