घराची दुरुस्ती : साहित्य आणि कारागीर यांची पारख

घराच्या दुरुस्तीत रंग, फरशी आणि कपाटे सर्वांना दिसतात. भिंतीतील वायरी, फरशीखालील नळ आणि गच्चीवरील जलरोधक थर मात्र काही दिवसांत झाकले जातात. पुढे पुन्हा तोडफोड करावी लागते ती बहुधा या झाकलेल्या भागातील चुकीमुळेच. त्यामुळे साहित्याची आणि कारागिराची निवड करताना अंतिम देखाव्यापेक्षा, जे नंतर दिसणार नाही ते काम कसे होणार आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

दुरुस्तीपूर्वी निदान

ओल आलेल्या भिंतीला नवा रंग देणे हा उपाय नव्हे. केवळ पावसाळ्यात वाढणारी ओल बाहेरील भिंत अथवा गच्चीकडे बोट दाखवते. बारमाही ओल नळातील अथवा न्हाणीघरातील गळतीची असू शकते. जमिनीपासून वर चढणारी आणि क्षाराचे पांढरे पोपडे आणणारी ओल पायातून येते. या तिन्हींचे उपाय भिन्न असल्याने कारण निश्चित होईपर्यंत साहित्याची खरेदी थांबवणे हिताचे ठरते.

सदनिका नवी असल्यास स्वतः खर्च करण्यापूर्वी कायद्याकडे पाहावे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार, ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील अथवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्त करणे बंधनकारक आहे.

जुन्या इमारतीत खांब, तुळई किंवा भार पेलणारी भिंत यांना संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याविना हात लावू नये. न्हाणीघराची जागा बदलल्यास खालच्या घराला गळतीचा धोका निर्माण होतो. म्हणून गृहनिर्माण संस्थेची आणि आवश्यक तेथे स्थानिक प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी.

मानकचिन्ह कसे वाचावे

भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएसआय’ चिन्ह हे नाव १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेवरून पडले. केवळ चिन्ह पाहणे पुरेसे नाही. चिन्हाच्या वर संबंधित मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असावा लागतो. हा परवाना क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर पडताळता येतो. उत्पादकाचे नाव किंवा वस्तूचा प्रकार जुळत नसेल, तर तो माल परत करावा.

सिमेंट, वाळू आणि विटा

सिमेंटवरील ४३ किंवा ५३ हा आकडा २८ दिवसांनंतर अपेक्षित असलेली दाबसहन क्षमता दर्शवतो. तिचे एकक न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असते. मोठा आकडा प्रत्येक कामासाठी अधिक चांगला, हा समज चुकीचा आहे. गिलाव्यासाठी राखमिश्रित पोर्टलँड पॉझोलाना सिमेंट योग्य ठरते, कारण त्यात उष्णता कमी निर्माण होते आणि भेगांचा धोका घटतो. पोत्यावर उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेले असते. ३ महिन्यांहून जुने किंवा गुठळ्या झालेले सिमेंट टाळावे. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत.

वाळूतील गाळ घरीच तपासता येतो. काचेच्या उभ्या बरणीत वाळू आणि थोडे मीठ घातलेले पाणी घेऊन हलवावे व सुमारे ३ तास स्थिर ठेवावे. वर साचलेल्या गाळाचा थर वाळूच्या थराच्या ८ टक्क्यांहून अधिक असेल, तर ती वाळू न धुता वापरू नये. समुद्रकिनाऱ्याची खारी वाळू लोखंडाला गंज आणते. ती स्वस्त मिळाली तरी नाकारावी. वीट २४ तास पाण्यात ठेवल्यावर तिचे वजन २० टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये.

सिमेंटच्या कामावर पाणी मारण्यात होणारी हयगय चांगल्या साहित्यालाही निकामी करते. ‘आयएस ४५६’ या मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा मिळणे आवश्यक आहे. उष्ण व कोरड्या हवामानात हा कालावधी अनुक्रमे १० आणि १४ दिवसांचा होतो.

वीज आणि पाणी

घरगुती वायरिंगमध्ये दिवे व पंख्यांसाठी साधारणतः १.५, १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५ आणि वातानुकूलन यंत्र किंवा गीझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली जाते. अंतिम जाडी मात्र उपकरणांचा एकूण भार मोजूनच ठरवावी. ‘एमसीबी’ अतिरिक्त प्रवाह आणि शॉर्टसर्किटपासून वायरिंगचे रक्षण करते. माणसाला बसणाऱ्या विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देण्यासाठी ३० मिलिअँपिअरची ‘आरसीसीबी’ आणि योग्य अर्थिंग लागते. एक असल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता वीजसंचातील भर, बदल अथवा दुरुस्ती राज्य शासनाच्या परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी लागते. परवान्याची प्रत मागणे हा अविश्वास नसून ग्राहकाचा हक्क आहे.

पिण्याच्या थंड पाण्यासाठी ‘यूपीव्हीसी’ नळ चालतात. गरम पाण्यासाठी ‘आयएस १५७७८’ मानकाचे ‘सीपीव्हीसी’ नळ लागतात, कारण साधे नळ उष्णतेने मऊ पडतात. भिंतीतील झिऱ्या बुजवण्यापूर्वी नळांची दाबचाचणी घ्यावी. न्हाणीघरात जलरोधक थर दिल्यानंतर निचऱ्याचे तोंड बंद करून २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवावे आणि खालचे छत तपासावे. ही चाचणी फरशी बसवण्यापूर्वीच उपयोगी पडते.

लाकूड, फरशी आणि रंग

प्लायवूड विकताना ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. त्यामुळे फळीवरील मानक क्रमांक पाहावा. सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचे मानक ‘आयएस ३०३’ आहे आणि मरीन प्लायवूडचे ‘आयएस ७१०’. सिंकखालील कपाटासारख्या, पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या जागी दुसरे वापरावे. शयनगृहातील कोरड्या कपाटासाठी तो खर्च अनावश्यक ठरू शकतो.

व्हिट्रिफाइड फरशी वजनाच्या ०.५ टक्क्यांहून अधिक पाणी शोषत नाही. भिंतीवरील सिरॅमिक टाइल त्याहून बरीच अधिक शोषते, म्हणून ती जमिनीवर वापरू नये. सर्व खोकी एकाच बॅचची असावीत आणि तुटीसाठी सुमारे १० टक्के अधिक नग घ्यावेत. न्हाणीघरासाठी खडबडीत पृष्ठभाग आवश्यक आहे. शहाबादी, कोटा किंवा कडप्पा या नैसर्गिक दगडांचे खाणीपासूनचे अंतर वाढते तसा वाहतुकीचा खर्चही वाढतो. त्यामुळे एका शहरातील दर दुसऱ्या शहरात गृहीत धरता येत नाही. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर खारी हवा साध्या लोखंडी खिडक्या लवकर खाते. तेथे अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्तलेपित लोखंड अधिक टिकते.

घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ९० पीपीएमपर्यंत मर्यादित केले आहे. डब्यावर तसा उल्लेख आहे का, हे लहान मुले असलेल्या घरात विशेषत्वाने पाहावे. जुना रंग कोरडाच खरवडल्यास त्यातील शिसे धुळीतून पसरू शकते. म्हणून पृष्ठभाग ओला करून घासावा आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

कारागिराची पारख

नुकत्याच संपलेल्या कामापेक्षा किमान एक पावसाळा काढलेले काम पाहणे अधिक बोलके असते. त्या घरमालकाला तीन गोष्टी विचाराव्यात : काम ठरल्या मुदतीत झाले का, खर्च किती वाढला आणि नंतर बोलावल्यावर कारागीर आला का. दर ठरवणारा ठेकेदार आणि प्रत्यक्ष काम करणारा गवंडी किंवा प्लंबर वेगळे असतील, तर दुसऱ्याशीही बोलावे. किती दिवस पाणी मारणार, चाचणी कशी घेणार, या साध्या प्रश्नांना अनुभवी कारागीर नेमके उत्तर देतो. ओळंबा, गुण्या आणि लेव्हल ही साधने त्याच्या हाताशी असतात.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र उपयुक्त आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार आणि गवंडी यांचा समावेश असून नोंदणीकृत कारागिरांना प्रमाणपत्र व ओळखपत्र दिले जाते. तथापि, अनेक निष्णात कारागिरांकडे कोणताही कागद नसतो. विजेचे काम वगळता, प्रत्यक्ष कामाची पाहणी हाच अखेरचा निकष राहतो.

करार आणि देयके

किमान तीन अंदाजपत्रके मागवावीत आणि तिघांनाही कामांची एकच यादी द्यावी, अन्यथा दरांची तुलना निरर्थक ठरते. अतिशय कमी दरात बहुधा राडारोडा वाहून नेणे, परात किंवा रंगाचा एखादा हात वगळलेला असतो. काम उक्ते आहे की रोजंदारीवर, साहित्य कोण आणणार आणि मोजमाप कोणत्या एककात होणार, हे लेखी ठरवावे. महाराष्ट्रात वाळू व खडी ब्रासमध्ये, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने मोजतात. अन्य राज्यांत एकक वेगळे असू शकते.

आगाऊ रक्कम पहिल्या टप्प्याच्या साहित्यापुरती मर्यादित ठेवावी. पुढील देयके दिवसांशी न जोडता चाचण्यांशी जोडावीत : दाबचाचणी झाल्यावर एक हप्ता, पाणी भरून पाहिल्यावर दुसरा. सुमारे १० टक्के रक्कम दोषदुरुस्तीसाठी राखून ठेवण्याची अट करारातच असावी. कारागिरांची मजुरी मात्र ठरल्या दिवशी मिळावी. उंचावरील कामासाठी भक्कम परात व सुरक्षापट्टा देण्याचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा. भिंती बुजवण्यापूर्वी वायरी व नळांची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी धरून, काढून ठेवावीत.

वाद उद्भवल्यास

दर देऊन घेतलेली सेवा सदोष असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दाद मागता येते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची आहे. तक्रारदार ज्या जिल्ह्यात राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथेही ती दाखल करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. लेखी करार, पक्की बिले, पैसे दिल्याची नोंद आणि छायाचित्रे नसतील तर मात्र दावा सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून ही कागदपत्रे काम संपल्यावर शोधत न बसता पहिल्या दिवसापासून एका फायलीत जमा करावीत.