सामाईक भिंतीचा हिशेब

मंडळी, दोन बिऱ्हाडांमधल्या सामाईक भिंतीवरून किती भांडणे होतात, हे तुम्हांला सांगायला नको. आजची गोष्टही सामाईक भिंतीचीच आहे, पण थंड मुलखातली. आणि तिथला तंटा शेजाऱ्यांचा नव्हे. कागदावरचे गणित आणि उभे घर यांच्यातला आहे.

इंग्लंडात हिवाळाभर घर ऊबदार ठेवायला इंधन जाळावे लागते. म्हणून भिंतीतून किती उष्णता जाईल याचा हिशेब घर बांधण्याआधीच मांडतात. आतबाहेर एका अंशाचा फरक असता एका चौरस मीटरमधून जितके वॉट जातील, तो त्या भिंतीचा आकडा. आकडा लहान, तर भिंत चांगली. दोन घरांमधल्या भिंतीचा आकडा मात्र सरळ शून्य धरीत. दोन्हीकडे सारखीच ऊब, मग उष्णता जाणार कुठे? बिनतोड वाटते की नाही?

पण १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत, माणसे राहती असलेल्या जोडघरांत मापे घेतली. माळ्यावाटे जाणारी उष्णता हिशेबापेक्षा कितीतरी पट निघाली! माळ्यावर लोकर अंथरलेली होती. पण ऊबदार हवा तिला वळसा घालून, पोकळ ठोकळ्यांच्या सामाईक भिंतींतून वर निसटत होती. १९७८ साली हे छापून आले. छापलेले गवंड्यापर्यंत पोचायला किती वर्षे लागतात, ते पुढे पाहा.

मँचेस्टरजवळ ऑल्ट्रिंगहॅम येथे स्टॅमफर्ड ब्रुक नावाची वसाहत उठली. तिथे लीड्सच्या विद्यापीठातील मंडळींनी रिकामे घर विजेच्या शेगड्यांनी दिवसेंदिवस एकाच तपमानावर ठेवले आणि किती वीज लागली ते मोजले. भिंतींवर उष्णता मोजणाऱ्या चकत्याही चिकटवल्या. अशा चकत्या निदान तीन दिवस ठेवाव्या लागतात. आपली मातीची भिंत दिवसाचे ऊन रात्री आत सोडते, हे तुम्ही जाणताच. एका घटकेचे माप घेतले तर ते फसवायचेच.

वीज हिशेबापेक्षा जास्त लागली. चोर कोण? शून्याची भिंत! आवाज अडावा म्हणून ती दुहेरी, मध्ये पोकळी. पोकळीत बाहेरची थंड हवा शिरे, दोन्ही घरांकडून तापे आणि धुराड्यातल्या धुरासारखी छपराकडे चढे. शून्याच्या जागी अर्ध्या वॉटाच्या आसपास आकडा आला. दोन्ही शेजारी पैसे भरून आभाळ तापवीत होते, आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

२०१० साली इंग्लंडचा बांधकामनियम बदलला, तो जोडघरांप्रमाणे फ्लॅटांनाही लागू झाला. पोकळी उघडी असेल तर हिशेबात ०.५ धरायचे, नुसत्या कडा बंद केल्या तर ०.२. शून्य हवे असेल, तर पोकळी पूर्ण भरायची आणि कडाही बंद करायच्या.