उमेदवाराची संमती आणि भरतीचा लघुसंदेश : एका कल्पनेचा विकास

१

नोकरीसाठी अर्ज करणारा मनुष्य अर्जावर आपला पत्ता लिहितो, तेव्हा त्या कृतीचा अर्थ काय होतो, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पत्ता दिला तो पत्र यावे म्हणूनच, आणि पत्र आले तर तक्रार कसली, असे उत्तर कोणीही सहज देईल. पत्त्याच्या जागी भ्रमणध्वनीचा क्रमांक आणि पत्राच्या जागी लघुसंदेश आला, तेव्हा मात्र हे उत्तर पुरेसे राहिले नाही. पत्र धाडण्यास श्रम पडत व टपालहंशील भरावे लागे, म्हणून पाठविणाराच हात आखडता घेई. लघुसंदेश हजारो उमेदवारांस एका क्षणात व नगण्य खर्चात जातो. पाठविणाऱ्याच्या हातावरील हा नैसर्गिक निर्बंध नाहीसा झाला, आणि त्याची जागा भरून काढण्याचे काम 'संमती' या कल्पनेवर येऊन पडले.

या कल्पनेचा सर्वांत विस्तृत इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला. तेथील न्यायालयांना व नियामक आयोगाला सुमारे पस्तीस वर्षांच्या अवधीत तीन प्रश्नांची उत्तरे क्रमाक्रमाने द्यावी लागली. क्रमांक देणे म्हणजे संमती देणे काय? ती संमती कोणाला व कशासाठी? आणि दिलेली संमती परत कशी घ्यावयाची? या तिन्ही प्रश्नांत उमेदवाराची स्थिती ग्राहकाहून वेगळी होती. परंतु कायद्याने तिचा विचार ग्राहकाच्या मापानेच केला, हे या इतिहासाचे मुख्य वैशिष्ट्य होय.

२

अमेरिकन काँग्रेसने केलेल्या दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायद्यावर २० डिसेंबर १९९१ रोजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांची स्वाक्षरी झाली. यंत्राने आपोआप फिरविलेले दूरध्वनी, आधी ध्वनिमुद्रित केलेले निरोप आणि न मागता आलेल्या जाहिरातींच्या फॅक्स-प्रती यांनी त्रस्त झालेल्या नागरिकांसाठी तो केलेला होता. भ्रमणध्वनीवर अशा यंत्राने संपर्क साधावयाचा तर त्या व्यक्तीची 'पूर्व व स्पष्ट संमती' असली पाहिजे, असे त्यात सांगितले होते. नियमभंगाच्या प्रत्येक कृतीमागे ५०० डॉलर, आणि भंग जाणूनबुजून केला असल्यास १,५०० डॉलरपर्यंत भरपाई मागण्याचा अधिकार व्यक्तीला मिळाला. लघुसंदेशाचा उल्लेख कायद्यात नाही, व असणे शक्यही नव्हते. पहिला लघुसंदेश इंग्लंडमध्ये ३ डिसेंबर १९९२ रोजी, म्हणजे कायद्यानंतर जवळजवळ वर्षाने पाठविला गेला.

'स्पष्ट संमती' म्हणजे काय याची व्याख्या कायद्याने केली नाही. ती उणीव फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक आयोगाने १९९२ च्या आदेशात भरून काढली. ज्याने आपला क्रमांक जाणीवपूर्वक दिला, त्याने उलट सूचना दिली नसेल तर त्या क्रमांकावर संपर्क साधण्याची अनुज्ञाच दिली, असे आयोगाने मानले. पुढे उमेदवारांच्या संदर्भात जे निर्णय झाले, त्यांची पाळेमुळे या वाक्यात आहेत. अर्जात क्रमांकासाठी रकाना असतो आणि तो रिकामा ठेवणारा उमेदवार नोकरीची आशा फारशी करू शकत नाही. जी गोष्ट दिल्यावाचून गत्यंतर नाही, ती दिली म्हणून स्वेच्छेने अनुज्ञा दिली असे म्हणावे काय, ही शंका त्या वाक्यात कोठेच डोकावत नाही.

२००३ साली आयोगाने लघुसंदेशही या कायद्याच्या दृष्टीने 'कॉल'च होय असे जाहीर केले. २००९ साली नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने सायमन अँड शूस्टर या प्रकाशनसंस्थेविरुद्धच्या खटल्यात त्यास पुष्टी दिली. या निकालातील दुसरा मुद्दा अधिक दूरगामी होता. वादी स्त्रीने भ्रमणध्वनीची विनामूल्य धून मिळविताना एका कंपनीला संमती दिली होती. संदेश आला तो प्रकाशनसंस्थेच्या कादंबरीच्या जाहिरातीचा. एकाला दिलेली संमती तिऱ्हाइताच्या हाती आपोआप जात नाही, असे न्यायालयाने ठरविले. उमेदवारांच्या याद्या एका भरतीसंस्थेकडून दुसरीकडे जाण्याचा प्रघात ज्या व्यवसायात होता, त्याला हा धडा लागू पडण्यासारखा होता.

३

२०१२ च्या आदेशाने आयोगाने संमतीचे दोन वर्ग पाडले. विक्रीच्या हेतूने पाठविलेल्या संदेशासाठी स्वाक्षरीयुक्त लेखी संमती आवश्यक ठरली. हा नियम १६ ऑक्टोबर २०१३ पासून अमलात आला. केवळ माहिती देणाऱ्या संदेशासाठी मात्र क्रमांक देण्यातून व्यक्त होणारी साधी संमती पुरेशी राहिली. आता भरतीचा संदेश कोणत्या वर्गात घालावयाचा, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे उत्तर एका जुन्या निकालात बीजरूपाने होते. १९९४ साली पेन्सिल्व्हेनियातील संघीय न्यायालयापुढे फॅक्सवरून धाडलेल्या नोकरीच्या आमंत्रणाचे प्रकरण आले होते. नोकरी देऊ करणे म्हणजे माल किंवा सेवा विकावयास ठेवणे नव्हे, सबब अशी फॅक्स-प्रत कायद्याच्या अर्थाने जाहिरात ठरत नाही, असा त्या न्यायालयाचा निष्कर्ष होता. हेच सूत्र २०१५ साली कॅलिफोर्नियातील न्यायालयाने उबर कंपनीविरुद्धच्या दाव्यात लावले. चालक म्हणून रुजू होण्याचा आग्रह करणारे लघुसंदेश विक्रीचे नव्हेत, म्हणून लेखी संमतीची अट त्यांना लागू नाही. ज्यांनी स्वतः क्रमांक दिला त्यांची संमती गृहीत धरता येते. मात्र आपण क्रमांक दिलाच नाही असे ज्यांचे म्हणणे, त्यांचा दावा प्रारंभीच फेटाळता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. २०१७ साली इलिनॉयमध्ये केली सर्व्हिसेस या मनुष्यबळ पुरविणाऱ्या संस्थेच्या बाबतीतही, नोकरीच्या संदर्भात क्रमांक देणाऱ्या व्यक्तीला रिकाम्या जागेची वर्दी देणारा ध्वनिमुद्रित निरोप संमतीच्या कक्षेतच येतो, असे न्यायालयाने मानले.

या निर्णयांचा तर्क सदोष नाही. नोकरी मागणाऱ्याला नोकरीचीच वार्ता दिली तर त्यात आगळीक कोणती? तथापि या तर्काला एक मर्यादा आहे. विक्रीच्या संदेशासाठी संमती मागताना, ती खरेदीची अट म्हणून लादता येणार नाही, अशी तरतूद आयोगाने केली होती. ग्राहकाला नकार देऊनही वस्तू मिळावी, हा तिचा हेतू. भरतीचा संदेश विक्रीच्या वर्गाबाहेर गेल्यामुळे या संरक्षणाचा लाभ उमेदवाराला मिळाला नाही. साबण विकत घेणाऱ्याच्या नकाराला जी किंमत आली, ती पोटासाठी अर्ज करणाऱ्याच्या नकाराला आली नाही.

दुसरीही एक सीमारेषा येथे नोंदविली पाहिजे. नोकरीच्या आमंत्रणाआड शिकवणीचे शुल्क भरण्याची किंवा माल विकत घेण्याची अट दडलेली असेल, तर संदेशाचा हेतू दुहेरी होतो आणि तो विक्रीच्या वर्गात जाऊ शकतो. २००३ च्या आदेशात आयोगाने दुहेरी हेतूच्या संपर्काविषयी हीच भूमिका घेतली होती. म्हणजे 'भरती' हे नाव संदेशाला आपोआप अभय देत नाही. आत काय मागितले आहे ते पाहावे लागते.

४

संमती मिळविण्यापेक्षा ती सांभाळणे कठीण, हे पुढील दशकाने दाखविले. उमेदवार क्रमांक बदलतो. जुना क्रमांक दूरध्वनी कंपनी दुसऱ्या कोणाला देते. आणि मुलाखतीची वेळ कळविणारा संदेश तिसऱ्याच माणसाच्या हाती पडतो. त्याने संमती दिलेली नसते, आणि जिने दिली तिची मुलाखत हुकते. एकाच चुकीने दोघांचे नुकसान होते. २०१५ साली आयोगाने अशा बदललेल्या क्रमांकावर एका चुकीची सूट देऊ केली. २०१८ साली कोलंबिया विभागाच्या अपील न्यायालयाने ती रद्द केली. अखेर १ नोव्हेंबर २०२१ पासून पुनर्वाटप झालेल्या क्रमांकांची राष्ट्रीय नोंदवही उपलब्ध झाली. संदेश पाठविण्यापूर्वी संमतीच्या दिनांकाशी ती ताडून पाहण्याची सोय त्यामुळे झाली.

त्याच वर्षी १ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने फेसबुक कंपनीच्या प्रकरणात 'स्वयंचलित यंत्रा'ची व्याख्या संकुचित केली. यदृच्छेने किंवा क्रमाने क्रमांक निर्माण करणारे अथवा तसे साठविणारे यंत्र तेवढेच त्या कलमात येते, असे ठरल्यामुळे अर्जदारांच्या तयार यादीवरून धाडलेले पुष्कळसे भरतीसंदेश त्या कलमाच्या कक्षेबाहेर गेले. कायदा मागे सरला, पण संमतीची गरज नाहीशी झाली नाही. भ्रमणध्वनी-सेवा देणाऱ्या कंपन्यांनीच संदेश पाठविणाऱ्या संस्थेची, संदेशाच्या हेतूची व संमती मिळविण्याच्या रीतीची नोंदणी मागण्यास आरंभ केला. खोट्या नोकऱ्यांचे आमिष दाखविणारे संदेश वाढल्यामुळे खऱ्या मालकालाही आपली ओळख पटविणे भाग पडले होते.

या काळात भरतीच्या व्यवसायात जी शिस्त रूढ झाली, तिचे स्वरूप साधे आहे. अर्जात संदेशाच्या संमतीसाठी वेगळा चौकोन असावा व तो आधीच खूण केलेला नसावा. संदेश कोण, कशासंबंधी व साधारण किती वेळा पाठवील ते तेथेच लिहावे. नकार कसा द्यावा तेही सांगावे. आणि उमेदवाराने कोणता मजकूर वाचून, कोणत्या दिवशी होकार दिला याची नोंद अर्जाबरोबर जपावी. वाद उपस्थित झाल्यास संमती सिद्ध करण्याचा भार पाठविणाऱ्यावर पडतो. ज्याच्याजवळ नोंद नाही त्याच्याजवळ व्यवहारतः संमतीही नाही.

उरला तिसरा प्रश्न, संमती परत घेण्याचा. कोणत्याही वाजवी रीतीने ती परत घेता येते हे २०१५ चे तत्त्व २०१८ च्या निकालातही टिकले. २०२४ च्या आदेशाने त्याला निश्चित रूप दिले, आणि ११ एप्रिल २०२५ पासून त्याचा मुख्य भाग लागू झाला. 'स्टॉप' किंवा तत्सम ठरावीक शब्दाने दिलेले उत्तर निर्णायक मानावे व अधिकात अधिक दहा कामकाजी दिवसांत त्याची अंमलबजावणी करावी, असा हा नियम आहे. मात्र एका प्रकारच्या संदेशाला दिलेला नकार त्या संस्थेच्या असंबद्ध विषयांवरील इतर संदेशांनाही लागू करावा, हा भाग पुढे ढकलण्यात आला. उमेदवाराच्या दृष्टीने या विलंबामागील अडचण समजण्यासारखी आहे. नव्या जागांच्या रोजच्या वर्दीला कंटाळून जो 'स्टॉप' लिहितो, त्याला आपल्या चालू अर्जाच्या मुलाखतीची सूचनाही नको आहे असे समजावे काय? सर्व बंद केले तर संधी जाते. काहीच बंद केले नाही तर नकार फोल ठरतो. उत्तर एकच संभवते : संमती मागतानाच ती हेतूवार मागावी, म्हणजे नकारही हेतूवार देता येईल.

५

भारतात हाच प्रश्न निराळ्या वाटेने आला. १९५९ च्या रिक्त जागा सक्तीने कळविण्याच्या कायद्यानंतर सेवायोजन कार्यालयांचा जो विस्तार झाला, त्यात उमेदवार नाव नोंदवी, कार्यालय बोलावणे पाठवी आणि नोंदणीचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागे. नूतनीकरणाची ही खेप उमेदवाराला जाचक वाटे. तरी तीत एक तत्त्व अभावितपणे पाळले जाई. संपर्काची अनुज्ञा एका हेतूपुरती व एका मुदतीपुरती असे. भ्रमणध्वनीच्या यादीला अशी मुदत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ साली नको असलेल्या व्यापारी संदेशांसाठी राष्ट्रीय नोंदवही निर्माण केली. २०१० च्या विनियमांत ग्राहकाने निवडावयाचे सात विषय दिले होते : बँक व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू व मोटारी, दळणवळण व करमणूक, पर्यटन. त्यांत नोकरभरती नव्हती. येथेही उमेदवार ग्राहकाच्या सावलीतच राहिला. १९ जुलै २०१८ च्या विनियमांनी मात्र पाठविणाऱ्याचे नाव, संदेशाचा साचा व संमती या तिहींची नोंदणी योजिली, आणि वर्तनावरून अनुमानलेली संमती व स्पष्टपणे दिलेली संमती असा भेद केला.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने पुढचे पाऊल टाकले. संमती स्वेच्छेची, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी. ती देणे जितके सोपे तितकेच परत घेणेही सोपे असावे. आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय असावा, असे तो सांगतो. मराठी उमेदवाराला आपण कशाला होकार देत आहोत हे मराठीत वाचता येण्याचा अधिकार यात आला. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. परंतु याच अधिनियमाचे सातवे कलम असेही म्हणते की, विशिष्ट हेतूसाठी स्वेच्छेने दिलेली माहिती, नकार कळविलेला नसल्यास, त्या हेतूपुरती वापरता येईल. १९९२ च्या अमेरिकन आदेशातील विचार येथे पुन्हा भेटतो. फरक एवढाच की 'त्या हेतूपुरती' ही मर्यादा आता शब्दांत आली आहे.

एकंदर विकासक्रम पाहता असे दिसते की, आरंभी कायद्याने संमती ही एक घटना मानली. क्रमांक लिहिला, की ती घडली व संपली. अनुभवाने ती नोंद, मर्यादा आणि माघार या तीन अंगांची झाली. तरीही मूळ शंका फिटलेली नाही. रोजगाराची गरज असलेल्या मनुष्याचा होकार कधीच पूर्णपणे मोकळा नसतो, आणि चौकोनातील कोणतीही खूण त्याला मोकळा करू शकत नाही. म्हणूनच होकार कसा घेतला यापेक्षा नकार दिल्यावर त्याचा अर्ज जेथल्या तेथे राहतो की नाही, ही या संमतीची खरी कसोटी ठरते. नकार देऊनही ज्याची मुलाखत चुकत नाही, त्या उमेदवाराने दिलेला होकारच संमती या नावास पात्र होय.