इंजिन साफ, पण आंधळं

मागच्या आठवड्यात हापिसात साफसफाईच्या भरात मी एक पाच ओळींची जुनी स्क्रिप्ट उडवली. कचरा वाटली म्हणून. मग दोन रात्री बग शोधत बसलो. प्रोग्रॅम ठणठणीत होता हो, पण त्याला नेमकं कुठून सुरू व्हायचं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. शनिवारी डोकं शांत करायला जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं, तर तिथेही हीच भानगड! फक्त तिथे दोन रात्री नाही, दहा वर्षं गेली.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. माणसाच्या डीएनएची एक प्रत म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरं. त्यातलं हवं ते जनुक वाचून त्याची आरएनए प्रत काढणारं विकर म्हणजे आरएनए पॉलिमरेज. जिवाणूंचं काम अशा एकाच विकरावर भागतं. आपल्यासारख्या, म्हणजे केंद्रक असलेल्या पेशींचं काय?

१९६९ साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट रोडर नावाचा पीएचडीचा विद्यार्थी विल्यम रटर ह्यांच्या हाताखाली काम करत होता. सी अर्चिन ह्या काटेरी समुद्री प्राण्याचे भ्रूण आणि उंदराचं यकृत घेऊन त्याने त्यातलं पॉलिमरेज गाळून वेगळं केलं. तर एक नाही, तीन निघाले! पुढे कामाची वाटणीही कळली. पहिलं रायबोसोमचे मोठे आरएनए बनवतं, तिसरं टी-आरएनएसारखे छोटे, आणि दुसरं प्रथिनांचे निरोप, म्हणजे एम-आरएनए.

ही वाटणी उलगडायला मदत कुणाची झाली असेल? एका विषाची! डेथ कॅप ह्या अळंबीतलं अल्फा-अमॅनिटिन अगदी कणभर असलं तरी दुसरं पॉलिमरेज बंद पाडतं. तिसऱ्याला बरंच जास्त लागतं, पहिल्याला जवळपास काहीच होत नाही. ती अळंबी खाणाऱ्याला पहिले काही तास काहीच जाणवत नाही. पण यकृताच्या पेशींना नवे निरोपच मिळेनासे होतात, आणि माणूस दगावू शकतो. ह्या एका विकराची किंमत त्यावरून कळावी.

आता खरी गंमत. शास्त्रज्ञांनी दुसरं पॉलिमरेज धुऊन-पुसून चकचकीत केलं, डीएनएवर सोडलं, तर ते कुठूनही सुरू होई! जनुकाच्या सुरुवातीशी काही देणंघेणंच नाही. जिवाणूंच्या पॉलिमरेजला जागा दाखवणारा सिग्मा नावाचा वाटाड्या १९६९मध्येच सापडला होता. इथला वाटाड्या मात्र मिळेना.

१९७९ साली रोडर ह्यांच्याच प्रयोगशाळेत, आता सेंट लुईसमध्ये, उत्तर मिळालं. वाइल, लूस आणि सिगल ह्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अ‍ॅडेनोव्हायरसचा डीएनए घेतला, शुद्ध पॉलिमरेज घातलं, आणि वर मानवी पेशींचा कच्चा, गढूळ अर्क ओतला. पॉलिमरेज बरोब्बर जागेवरून सुरू झालं! म्हणजे शुद्ध करण्याच्या नादात जे बाजूला निघून जात होतं, तेच तर वाटाडे होते.

साधारण त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड हॉगनेस आणि मायकेल गोल्डबर्ग ह्यांना सुरुवातीच्या २५-३० अक्षरं आधी 'टाटा' अशी खूण दिसली. (आपल्या टाटांशी संबंध नाही!) जनुकाच्या अशा आरंभस्थळाला प्रमोटर म्हणतात. गढूळ अर्क वेगळा करत गेल्यावर एकेक वाटाड्या हाती आला: टीएफ-टू-ए, बी, डी, ई, एफ, एच. 'डी'मधलं एक प्रथिन टाटा खुणेवर बसून डीएनए चक्क वाकवतं, भोवती बाकीचे जमतात, पॉलिमरेज येऊन बसतं, आणि 'एच' दोन धागे उकलतो. मग गाडी सुटते. माणसाच्या बहुतेक प्रमोटरांत टाटा खूण नसतेच. तिथे इतर खुणांवर काम चालतं, पण जमवाजमव साधारण हीच.

२००१ साली रॉजर कॉर्नबर्ग ह्यांच्या गटाने यीस्टच्या ह्या १२ भागांच्या यंत्रातल्या १० भागांची अणूंपर्यंतची रचना दाखवली. २००६चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या त्यांना मिळालं. वडील आर्थर ह्यांना १९५९ साली मिळालं होतंच.

मला मात्र तो गढूळ अर्कच आवडला. शुद्ध करण्याला पर्याय नव्हता, नाहीतर तीन पॉलिमरेज दिसलेच नसते. पण जे गाळून काढलं ते टाकून न देता परत ओतून बघण्याची अक्कलही हवी.

असो. ती पाच ओळींची स्क्रिप्ट मी परत जागेवर ठेवली आहे. वर कॉमेंट टाकलीय: 'हात लावू नये.'