आगगाडीची वही

संगणक हा शब्द उच्चारतांच आपणांपैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें एखादें अजब यंत्र उभें राहत असेल. मला मात्र पुणें स्टेशनावरील राखीव जागांची जाडजूड वही आठवते. माझ्या लहानपणीं वडील मला शनिवार पेठेंतून पहाटे चारास रांग धरावयास धाडीत. खिडकी उघडली कीं कारकून त्या गाडीची, त्या तारखेची वही काढी आणि मोकळ्या ओळींत नांव लिही. वही एकच, ती ज्याच्या हातीं, तोच जागा देणार. म्हणून एक जागा दोघांस जाण्याचें भय थोडें. पण म्हणूनच शेजारच्या खिडकीवरचा कारकून त्या गाडीपुरता निरुपयोगी! परतीच्या प्रवासाचें तर विचारूंच नका. दिल्लीहून परतावयाचें तर दिल्लीस तार जाई, आणि उत्तर येईपर्यंत गृहस्थ जीव मुठींत धरून बसे.

आज सांगावयाचा इतिहास या वहीचा आहे. नोव्हेंबर १९८५ मध्यें रेल्वेनें दिल्लीस संगणकावर आरक्षण सुरू केलें. पुढें मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथेंही केंद्रें झालीं. आतां कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचें तिकीट मिळूं लागलें, परंतु तें त्या केंद्राच्या हद्दीपुरतें. पांच केंद्रें म्हणजे पांच बेटें. मुंबईच्या यंत्रास दिल्लीची वही दिसत नसे.

यांतला पेंच पाहण्यासारखा आहे. साऱ्या देशाची वही एकाच ठिकाणीं ठेवावी, तर सगळा भार एका यंत्रावर. तें बंद पडलें कीं देशांत एकही तिकीट निघावयाचें नाहीं. बरें, वहीच्या पांच नकला करून पांच ठिकाणीं ठेवाव्या, तर एकच जागा मुंबईनें जोशांस आणि कलकत्त्यानें बॅनर्जींस त्याच क्षणीं देऊन टाकावी!

१९८६ सालीं स्थापन झालेल्या ‘क्रिस’ या रेल्वेच्या माहिती-केंद्रानें यावर जी तोड काढली, तिचें नांव ‘कॉन्सर्ट’. तिचें मर्म असें कीं, प्रत्येक गाडीची वही एकच, पण ती आपापल्या घरीं. मध्य व पश्चिम रेल्वेच्या गाड्यांची नोंद मुंबईस, दिल्लीहून निघणाऱ्यांची दिल्लीस. पुण्याच्या खिडकीवर दिल्लीच्या गाडीची मागणी आली कीं मुंबईचें यंत्र ती दिल्लीस धाडी, तेथें नांव लिहिलें जाई आणि उत्तर परत येई. काम तारेचेंच, फरक इतकाच कीं दिवसांचे सेकंद झाले. सप्टेंबर १९९४ मध्यें ही रचना प्रथम सिकंदराबादेस चालूं झाली, आणि एप्रिल १९९९ मध्यें पांचही केंद्रें एकमेकांस जोडलीं गेलीं. एक केंद्र बंद पडलें तरी उरलेल्या चारांच्या गाड्यांचें काम चालूं शकतें.

मला सर्वांत नाजूक वाटतो तो प्रश्न निराळाच. दिल्लीस नांव लिहिलें गेलें, आणि उत्तर येण्यापूर्वींच मधली तार तुटली, तर? यासाठीं नियम असा कीं, दोन्ही टोकांस काम पुरें झालें तरच तें झालें. एरवीं कांहींच झालें नाहीं असें समजून मागचें पुसावयाचें. आमच्या पेठेंतील कोणाही वाण्यास हें पटेल. एका बाजूस नांवें लिहिलें आणि दुसरीकडे जमा केलें नाहीं, तर तो हिशेबच नव्हे.

ऑगस्ट २००२ मध्यें घरबसल्या तिकीट काढण्याची सोय झाली आणि रांग स्टेशनावरून उठून घरोघर गेली. गर्दी इतकी वाढली कीं ऑगस्ट २०१४ मध्यें नवी योजना आणावी लागली. तिनें मिनिटास २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली, असें रेल्वेनें सांगितलें. अशा कामांत पुढचीं दारें वाढवितां येतात, एकाच्या जागीं दहा यंत्रें उभीं करतां येतात. तथापि शेवटीं प्रत्येक मागणीस त्या एका गाडीच्या त्या एका वहीपाशींच थांबावें लागतें. यंत्रें वाढलीं म्हणून डब्यांतल्या जागा वाढत नाहींत.

दिवाळीच्या सुमारास आमच्या सूनबाई मोबाइल हातीं घेऊन दहाच्या ठोक्याची वाट पाहत बसतात. गेल्या खेपेस मीं त्यांस माझ्या पहाटेच्या रांगेची कथा ऐकविली. त्या म्हणाल्या, “बाबा, तुमच्या रांगेंत पुढें किती माणसें उभीं आहेत, तें दिसत तरी होतें.” यावर काय उत्तर द्यावें, तें मला अद्याप सुचलेलें नाहीं.