दापोलीचा सडा : जमिनीच्या शब्दांतून दिसणारा वसाहतीचा इतिहास

नगराचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः सनदा, तहनामे, जमाबंदीची कागदपत्रे आणि नगरपालिकेची दप्तरे यांकडे वळतो. ज्या भूमीवर ते नगर उभे राहिले, त्या भूमीला लोक कोणत्या शब्दांनी ओळखत होते आणि ते शब्द केव्हा व कशामुळे बदलले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक जमिनीचा शब्द हा केवळ वर्णनाचा शब्द नसतो. त्यात हक्क साठविलेला असतो. शब्द बदलला की पुष्कळदा हक्कही बदलतो, आणि तो बदलल्याचे ध्यानी येण्यास एखादी पिढी जावी लागते. प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली या गावाच्या वाढीकडे या दृष्टीने पाहावयाचे आहे. थंड हवेमुळे ‘मिनी महाबळेश्वर’ हे बिरूद मिरविणाऱ्या या गावाभोवती आज प्लॉट, बंगले व संकुले यांची जी दाटी होत आहे, ती सर्वस्वी नवी घटना नसून एका जुन्या प्रक्रियेचा तिसरा टप्पा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिला टप्पा छावणीचा. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत होऊन कोकण इंग्रजांच्या अमलाखाली आले आणि दक्षिण कोकणच्या लष्करी ठाण्यासाठी दापोलीची उंच सपाटी निवडली गेली. समुद्र जवळ, हवा कोरडी नसली तरी किनाऱ्यापेक्षा सुसह्य, आणि कवायतीस पुरेसे मैदान, ही त्या निवडीची उघड कारणे होत. मूळचे दापोली हे लहानसे खेडे होते. जालगाव, गिम्हवणे, जोगळे ही त्याच्या शेजारची गावे. त्यांच्या मधोमध ‘कॅम्प’ हा नवा शब्द येऊन बसला आणि गावाच्या नावाला कायमचा चिकटला. ‘कॅम्प दापोली’ हा प्रयोग अद्यापि लोकांच्या तोंडी आहे. छावणी पुढे उठली, परंतु शब्द उठला नाही.

छावणी उठल्यावर मागे काय राहिले, हे येथे महत्त्वाचे आहे. मागे राहिले ते पेन्शनर. लष्करातून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची मोठी वसती दापोलीत झाली. १८८६ मध्ये सेवानिवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर येथेच राहिले व येथूनच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्धच्या चळवळीस आरंभ केला. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस होते. आपल्या मूळ गावी ज्यांना गावकुसाबाहेरच राहावे लागले असते, त्यांना छावणीच्या भूमीवर घर बांधता आले, याचे कारण त्या भूमीवर गावाच्या परंपरागत शब्दव्यवस्थेची पकड नव्हती. ‘कॅम्प’ ना गावठाणात मोडत होता, ना खोताच्या खात्यात. तेव्हा नवी वसाहत नेहमी केवळ हिरावूनच घेते असे नाही. काहींना ती मोकळीकही देते. ही गोष्ट पुढील विवेचनात विसरता कामा नये.

याच काळात सह्याद्रीच्या माथ्यावर काय चालले होते, ते तुलनेसाठी पाहणे उपयुक्त होईल. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १६ मे १८२९ च्या करारान्वये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची भूमी मिळविली आणि मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव दिले. गावाच्या मोबदल्यात गाव, असा हा सरळ व्यवहार दिसतो. परंतु दिलेली भूमी ओसाड नव्हती. कृष्णेच्या उगमाचे प्राचीन क्षेत्र तेथे होते. कोळी होते, गवळी धनगर होते, लोखंड गाळणारे धावड होते. करारात जे बोलले ते दोन सत्ताधीश बोलले. नव्या वसाहतीचे नाव ‘माल्कमपेठ’ पडले. ‘पेठ’ हा शब्द दक्षिणेकडील भाषांशी नाते सांगणारा, व्यापारी वस्तीचा. त्याला साहेबाचे नाव जोडले गेले. पाठोपाठ कड्याकड्यांना लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर अशी नावे देण्यात आली. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने पुढे आणलेल्या माथेरानातही हीच पुनरावृत्ती झाली. नाव देणारा पाहुणा आणि नाव विसरणारा यजमान, असे या गिरिस्थानांच्या नामकरणाचे सूत्र सांगता येईल.

दापोलीत मात्र साहेबी नावे फारशी रुजली नाहीत. येथे शब्दांचा बदल घडवून आणला तो महसुली भाषेने. आणि हाच आपल्या विषयाचा गाभा होय.

कोकणातील शेतकऱ्याच्या भाषेत जमिनीचे वर्गीकरण उपयोगावरून होत असे. किनाऱ्यालगतची माडा-पोफळींची जमीन ती आगर; खाडीकाठची खारी जमीन ती खाजण; घरामागचे ते परसू; भाताची ती मळ्याची किंवा कुर्याटाची; उतारावरची नाचणी, वरी, हरीक पिकविणारी ती वरकस; आणि माथ्यावरची जांभ्या दगडाची उघडी सपाटी तो सडा, तिचा खडक तो कातळ. यांपैकी कोणताही शब्द एकटा उभा राहत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. वरकस जमिनीतून तोडलेली कवळे व कापलेले गवत भाताच्या रोपासाठी राब म्हणून भाजले जाई. म्हणजे वरकसाशिवाय भातशेती पुरी होत नसे. सड्यावर पावसाळ्यात गुरे चरत. तेथेच पडणारे पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपून खालच्या चिकण थरावर अडे आणि डोंगराच्या कुशीत झऱ्यांच्या रूपाने बाहेर येई. त्या झऱ्यांवर वाड्यांतील विहिरी व बागा जगत. सारांश, आगरापासून सड्यापर्यंतचे शब्द हे एकाच वाक्याचे पद होते.

महसुली भाषेने हे वाक्य तोडले. तिला प्रश्न एकच होता : या तुकड्यावर आकार किती बसवावयाचा? ज्यावर पीक नाही, त्यावर आकार नाही. आणि ज्यावर आकार नाही, ते ‘पोटखराब’ किंवा ‘पडीक’. ‘पोट’ म्हणजे अंतर्गत भाग आणि ‘खराब’ हा अरबी-फारसीतून आलेला, उजाड या अर्थाचा शब्द. शेतकऱ्याच्या लेखी जो सडा चराईचा आणि पाण्याचा धनी होता, तो दप्तराच्या लेखी खराबा ठरला. हे करण्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. करआकारणीपुरता तो शब्द सोयीचा व शेतकऱ्याच्या फायद्याचाही होता, कारण त्यामुळे सारा माफ होई. परंतु एका हेतूने दिलेले नाव दुसऱ्या हेतूसाठी वापरले गेले, की अनर्थ ओढवतो.

यावर खोतीचा थर होता. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोतीची. धारेकऱ्याचा अपवाद सोडला, तर कसणारा हा कूळ. भाताचा अर्धा हिस्सा देणारा अर्धेली, वरकसाचा तिसरा हिस्सा देणारा तिर्धेली. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांना लेखी चौकट दिली. पुढे १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोतीनिर्मूलनाचा कायदा मात्र १९४९ चा. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कूळ मालक झाले. या सुधारणांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि या कायद्यांनी हक्क दिला तो प्रामुख्याने ‘कसणाऱ्याला’. ज्याचे नाते जमिनीशी चराईचे, वाटेचे, पाण्याचे किंवा सरपणाचे होते, त्याच्यासाठी या शब्दात जागा नव्हती. सड्यावरचा गवळी धनगर आणि रानाच्या कडेचा कातकरी हे दोघेही ‘कूळ’ या व्याख्येच्या बाहेर राहिले.

तिसरा टप्पा गेल्या अर्धशतकातील. १९७२ मध्ये दापोलीत कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि पगारदार वर्गाची नवी वसती निर्माण झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णत्वास गेल्यावर खेड स्थानकामार्गे मुंबई-पुण्याचा माणूस दापोलीच्या आवाक्यात आला. घराची मागणी वाढली. कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने बिगर-शेतकऱ्यास शेतजमीन घेण्यास मनाई आहे. म्हणून शहरातील ग्राहकासाठी जमीन आधी ‘बिनशेती’ होणे आवश्यक ठरले. सामान्य बोलीत हाच ‘एनए प्लॉट’. ‘बिनशेती’ या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. ती जमीन काय आहे हे तो सांगत नाही, काय नाही एवढेच सांगतो. आगर, खाजण, वरकस, सडा या भावरूप शब्दांच्या जागी एक अभावरूप शब्द आला आणि त्या अभावाची किंमत मात्र सर्वांत अधिक झाली.

‘गुंठा’ या शब्दाचेही असेच स्थित्यंतर झाले. चाळीस गुंठ्यांचा एकर, हे मोजणीचे साधे परिमाण. परंतु शेत ‘एकरांत’ असते तोवर ते शेत असते, आणि ‘गुंठ्यांत’ बोलू लागले की ते विक्रीचे झाले, असे आता समजले जाते. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. आणि अशा तुकड्यांवरील वसाहती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये राज्याला ‘गुंठेवारी’ या नावाचाच कायदा करावा लागला. मापाचे नाव वस्तीचे नाव झाले, याहून बोलका भाषिक पुरावा कोणता असू शकेल?

आता प्लॉट पडतात ते कोठे? भाताच्या खाचरात सहसा नव्हे. कारण ती थोडी, वाटण्या होऊन विखुरलेली आणि चिखलाची. ते पडतात वरकसावर आणि सड्यावर. कारण दप्तराच्या भाषेत ती ‘पडीक’ आहे, सपाट आहे आणि तेथून समुद्राकडची हवा येते. जेसीबीने कातळ फोडून सपाटी होते, चिऱ्याचा गडगा बांधून हद्द बंद होते. त्याबरोबर तीन गोष्टी नाहीशा होतात. गुरांची वाट जाते. पाऊस मुरण्याची जागा कमी झाल्याने खालच्या वाडीच्या झऱ्यास धोका संभवतो. त्याच वेळी वरच्या बंगल्यासाठी विंधनविहीर घेतली जाते. आणि ज्या कातळांवर प्रागैतिहासिक मानवाने चित्रे कोरली, त्या कातळांचेही भवितव्य अनिश्चित होते. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला; परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील ही शिल्पे ज्या जमिनीवर आहेत, ती पुष्कळ ठिकाणी सातबाऱ्यावर पोटखराबच आहे. २०११ च्या पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाच्या अहवालाने रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा स्वतंत्र विचार केला होता. महाबळेश्वर-पाचगणीस २००१ मध्ये व माथेरानास २००३ मध्ये परिसर-संवेदनशील क्षेत्राचे संरक्षण मिळाले. दापोलीने महाबळेश्वरचे बिरूद घेतले. ते संरक्षण त्या बिरुदाबरोबर आले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. जमीन विकणारा हा बहुधा स्थानिकच असतो. मुंबईच्या मनीऑर्डरवर पिढ्यानुपिढ्या जगलेल्या घराला नापीक कातळाचा पैसा मिळत असेल, तर अभ्यासकाने हळहळावे का? आक्षेप रास्त आहे. पेन्शनरांच्या वसतीचे उदाहरण वर दिले ते याचसाठी. नव्या वस्तीचा निषेध हा या लेखाचा हेतू नव्हे. मुद्दा इतकाच की, विकणारा आपल्या मालकीचा तुकडा विकतो, परंतु त्याबरोबर मालकी नसलेल्यांची वहिवाटही जाते. आणि ती कोठे लिहिलेली नसल्याने तिचा मोबदला तर राहोच, नोंदही होत नाही. १८२९ च्या करारात जसे गवळी व धावड नव्हते, तसेच आजच्या खरेदीखतात वाडीचा झरा नसतो.

याला उपाय कायद्यात अगदीच नाही असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १६५ व्या कलमात ‘वाजिब-उल-अर्ज’ची तरतूद आहे, खाजगी जमिनीवरील वाटेचे व पाण्याचे रूढ हक्क गावोगावी नोंदविण्याचा तो मार्ग आहे. तसेच सातबाऱ्याच्या नमुन्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. अनेक उताऱ्यांवर तो रिकामा आढळतो. तो रकाना भरण्याची सामग्री आज केवळ वृद्धांच्या मुखात आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावचा एकेक सडा घेऊन त्यावरील वाटा, पाणवठे, खडक व शेते यांची नावे, ती वापरणाऱ्याच्या उच्चारानुसार आणि गट क्रमांकासह टिपून ठेवली, तर तो भाषाशास्त्राचा अभ्यास तर होईलच, शिवाय हक्काच्या विचारासाठी एक साधनही तयार होईल. दापोलीच्या एका सड्यापासून या कामास प्रारंभ करता येण्यासारखा आहे. मात्र तो सडा सपाट होण्यापूर्वी.