गळ्यातले दर्शन आणि गळ्यातला स्कार्फ

मुलीच्या गळ्यात काय बांधायचे, हे आपल्याकडे मुलगी ठरवीत नाही. ते जात ठरविते, देव ठरवितो, घरातले दारिद्र्य ठरविते. गडहिंग्लज हा कोल्हापूर जिल्ह्यातला, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला तालुका. हिरण्यकेशीचे पाणी या मुलखातून संकेश्वराकडे जाते आणि पुढे त्याच बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर उभा आहे. या वाटेने पिढ्यान्पिढ्या मुली गेल्या. केसांत जट झाली की देवीचे बोलावणे आले असे मानायचे, मुलीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे दर्शन बांधायचे आणि तिला जोगतीण म्हणायचे. मंगळवारी-शुक्रवारी तिच्या परडीत पीठ घालणारे हात तिला नमस्कारही करीत. हा नमस्कार म्हणजे सन्मान होता, असे सांगणारे विद्वान आजही भेटतात. ज्या सन्मानाने मुलीचा संसार, शाळा आणि स्वतःच्या देहावरचा हक्क हिरावला जातो, त्याला सन्मान म्हणावयाचे असेल तर गुलामगिरीला वेगळा शब्द शोधावा लागेल. या मुली बहुतांशी कोणत्या वस्तीतून आल्या, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

स्त्रियांचा आणि मुलींचा नेतृत्वासाठी गौरव करण्याची भाषा आज सर्वत्र ऐकू येते. स्काऊट-गाईड चळवळीत तर पदके, बिल्ले आणि पुरस्कार यांची एक सबंध शिडीच आहे. त्या शिडीचा इतिहास आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे. शिडी उंच आहे हे खरे. पण तिचा पाय कोणाच्या अंगणात टेकला आहे, हा प्रश्न आधीचा आहे.

बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्याने 1907 साली ब्राऊनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले. त्याचे नाव झाले होते ते दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंगच्या वेढ्यामुळे. त्या वेढ्यात गोऱ्या पोरांच्या निरोप्या पथकाचे कौतुक जगभर झाले. तेथेच लढलेल्या आणि उपासमारीने मेलेल्या काळ्या बारोलाँग लोकांच्या वाट्याला ते कौतुक आले नाही. म्हणजे सन्मानाची वाटणी कशी होते, याचा पाठ या चळवळीच्या जन्मकथेतच आहे.

मुलींना तर कोणी बोलाविलेच नव्हते. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुली स्वतःच गणवेश करून आत शिरल्या आणि आम्हीही यातल्याच आहोत असे त्यांनी सांगितले. पुढच्या वर्षी मुलींसाठी गाईड संघटना निघाली. हे प्रवेशपत्र कोणी दिलेले नव्हते, ते मिळविलेले होते. महाडच्या तळ्यावर आणि नाशिकच्या रामाच्या दारात उभे राहिलेल्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

हिंदुस्थानात 1911 साली जबलपूरला गाईडचे पहिले पथक निघाले ते युरोपीय मुलींसाठी. हिंदी मुलींसाठी दार उघडायला आणखी पाच वर्षे गेली. मुलांचीही हीच कथा होती, म्हणून अॅनी बेझंट आणि मदनमोहन मालवीय यांनी निराळ्या हिंदी बालवीर संघटना काढल्या. या सर्वांचे एकत्रीकरण होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना 7 नोव्हेंबर 1950 रोजी जन्मली आणि 1951 साली गाईड मुली तिच्यात सामील झाल्या. बालवीराने दुसऱ्या बालवीराचा सामाजिक वर्ग न पाहता त्याला भाऊ मानावे, असा नियम बेडन-पॉवेलने 1908 सालीच घातला होता. गोऱ्या साहेबाच्या या नियमाला हिंदुस्थानात साहेबाचाच वर्ण आडवा आला. तो दूर झाल्यावर आमच्या लोकांची जात आडवी आली. नियम छापलेला होता, पण वस्ती गावाबाहेरच होती.

असेच अमेरिकेत घडले. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे जोसेफिन हॉलोवे या काळ्या बाईने काळ्या मुलींची गर्ल स्काऊट पथके उभी केली. तिने 1933 साली मान्यता मागितली आणि ती नाकारली गेली. पुस्तकेही मिळेनात, तेव्हा तिच्या नवऱ्याने ती शिकागोहून आणली आणि पथके मान्यतेवाचून चालू राहिली. 1942 साली तिच्या पथकाला अखेर मान्यता मिळाली. ही बाई पदकाची वाट पाहत बसली असती तर त्या मुलींचे बालपण संपून गेले असते. तिने आधी नेतृत्व केले. मान्यता मागाहून फरफटत आली.

त्याच 1942 सालच्या जुलै महिन्यात नागपूरला काय घडले, हे किती शाळांतून शिकविले जाते? 20 जुलै रोजी अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे, स्वागताध्यक्षा कीर्तिबाई पाटील. सुमारे 25,000 स्त्रिया जमल्याची नोंद आहे. त्याच मांडवात समता सैनिक दलाचीही परिषद झाली. बायकांनी तेथे घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला, गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांसाठी रजा आणि निवृत्तिवेतन मागितले, कायदेमंडळात राखीव जागा मागितल्या. सुलोचनाबाई तर संततिनियमनावरही बोलल्या. समाजाची प्रगती आपण त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी याच स्त्रियांसमोर सांगितले. देशात ज्या वेळी घरंदाज म्हणविणाऱ्या घरांतही हे शब्द दबक्या आवाजात बोलले जात, त्या वेळी शेणगोळ्या थापणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या हातांनी हे ठराव उचलून धरले.

ही हिंमत एका दिवसात आलेली नव्हती. समता सैनिक दल ही आमच्या समाजाची स्वयंसेवकांची शाळा होती. फौजेतून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांनी पोरांना कवायत शिकविली, रांग शिकविली, हाक दिल्यावर उभे राहणे शिकविले. ज्याला गावात मान खाली घालून चालावे लागे, त्याला मान वर करून पाऊल टाकायला शिकविणे हीच एक क्रांती होती. स्त्रियाही या शिस्तीबाहेर नव्हत्या. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची ओळख पटविणारे दागिने टाका, लुगडे नेसण्याची ती रीत सोडा. बायकांनी ते लगेच अमलात आणले. देहावरची जातीची खूण स्वतःच्या हाताने उतरविणे, हा स्त्रियांनी केलेला पहिला सामुदायिक सत्याग्रह होता असे मी मानतो. मार्च 1930 पासून नाशिकच्या काळाराम मंदिराच्या लढ्यात त्या पुरुषांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या.

या स्त्रियांना कोणी बिल्ला दिला? कोणाच्या छातीवर पदक लावले? त्यांची नावे गोळा करण्याचे कामसुद्धा ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून केले, तेव्हा 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. नागपूरच्या परिषदेनंतर 47 वर्षांनी! आमच्या स्त्रियांचा पहिला खरा गौरवग्रंथ हाच, आणि तो त्यांच्याच लेकींनी लिहिला.

सरकारमान्य स्काऊट-गाईड चळवळीत स्त्रियांना मान मिळाला नाही, असे नाही. लक्ष्मी मजुमदार 1964 पासून 1983 पर्यंत भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या राष्ट्रीय आयुक्त होत्या आणि 1969 साली जागतिक स्काऊट संघटनेचा 'ब्राँझ वुल्फ' हा सन्मान त्यांना मिळाला. 1966 साली पुण्यात 'संगम' हे गाईड मुलींचे जगातले चौथे जागतिक केंद्र सुरू झाले. अमेरिकेतील बालवीर संघटनेने 2019 साली आपल्या मुख्य पथकांत मुलींना घेतले आणि 2021 साली जवळपास एक हजार मुली 'ईगल स्काऊट' या सर्वोच्च पदाला पोचल्या. यांचे अभिनंदनच केले पाहिजे. पण ज्या पुण्यात 'संगम' आहे, त्याच पुण्यात 1855 साली मुक्ता साळवे या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेने तिच्या हाती लेखणी दिली आणि तिने धर्मालाच जाब विचारला. कोवळ्या वयात आपल्या समाजाच्या पुढे उभे राहणे म्हणजे नेतृत्व असेल, तर महाराष्ट्रातील मुलींच्या नेतृत्वाचा इतिहास मुक्तापासून सुरू होतो.

मग गाईडच्या पथकाचा आमच्या मुलींना उपयोग काय? पुष्कळ आहे, आणि तो नीट ओळखला पाहिजे. प्रवेशापासून प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार ही परीक्षांची वाट झाली. चळवळीचा खरा जीव टोळीपद्धतीत आहे. सहा-आठ मुलींची टोळी, तिची एक नायिका. शिबिरात टोळीने पाणी आणायचे, चूल मांडायची, स्वतः रांधायचे, एकत्र जेवायचे, एका तंबूत झोपायचे. पाणी, चूल, पंगत आणि झोपण्याची जागा! जातीव्यवस्था नेमकी याच चार ठिकाणी पहारा देत बसलेली आहे. पाण्यासाठी महाड झाले. पाण्यासाठीच बाबा आढावांना 1972 साली 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली. जे गावात वर्षानुवर्षे होत नाही, ते शिबिरात तीन दिवस तरी नियम म्हणून करावे लागते. शिक्षिकेने तो नियम प्रामाणिकपणे पाळला तर साहेबाची ही चळवळ आमच्या कामाची ठरते. पण पाटलाची लेक नायिका आणि आमची मुलगी भांडी घासायला, अशी वाटणी झाली तर तंबूत फक्त गावच उभे राहते.

म्हणून गौरवाच्या आधी काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. ज्या शाळेत वस्तीतील मुली जातात, तेथे पथक आहे काय? गणवेशाचे, बुटांचे, शिबिराच्या प्रवासाचे पैसे कोण देतो? टोळीनायिका निवडताना मुलींना विचारतात, की बाई घराणे पाहून नाव सांगतात? पुरस्काराची परीक्षा तालुक्याच्या गावी असेल तर वाडीवरची मुलगी तेथवर पोचते काय? या प्रश्नांची उत्तरे न देता दिलेले पदक ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्याकडेच जाते.

गडहिंग्लजला याचे महत्त्व अधिक आहे. शाहू महाराजांनी 1920 साली करवीर संस्थानात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. 1934 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. 2005 साली महाराष्ट्र राज्याला पुन्हा नवा कायदा करावा लागला. एकाच प्रथेला तीनदा कायद्याने मारावे लागते, याचा अर्थ ती कागदावर मरत नाही. तिला खरा धक्का बसला तो 1975 साली, महात्मा फुले समता प्रतिष्ठानने गडहिंग्लज येथे देवदासी परिषद भरविली तेव्हा. ज्यांच्याविषयी इतरांनीच बोलायचे, कीव करायची किंवा कुत्सित हसायचे, त्या स्त्रियांचा प्रश्न त्यांच्याच गावात, उघड मांडवात मांडला गेला. त्यानंतर या भागात मोर्चे निघाले, पुनर्वसनाच्या मागण्या झाल्या, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न पुढे आला. डोक्यावर जग घेऊन फिरणारी बाई हातात मागणीचा फलक घेऊन चालू लागली. कवायत न शिकताही ही पलटण होती.

या स्त्रियांच्या नाती आज शाळेत आहेत. त्यांच्यापैकी एकीच्या गळ्यात गाईडचा स्कार्फ बांधला जातो, ही आमच्या लेखी लहान गोष्ट नाही. आजीच्या गळ्यातले दर्शन इतरांनी बांधले होते. ते तुटले तर देवीचा कोप होईल, अशी धास्ती तिला घातली होती. नातीचा स्कार्फ तिने वचन घेऊन स्वीकारलेला असतो आणि सायंकाळी ती तो स्वतःच्या हाताने सोडून घडी घालू शकते. बांधण्याचा आणि सोडण्याचा हा हक्क म्हणजेच स्वातंत्र्य. त्या मुलीच्या हाकेवर सर्व जातींच्या मुली एका रांगेत उभ्या राहतील आणि तिने आणलेले पाणी सगळ्या पितील, तो तिचा पुरस्कार. राष्ट्रपतींची सही त्यानंतर यावी.